फौजी पाहुण्याला बढतीचा सल्ला कसा द्यावा

लग्नमुंजींचे दिवस आले की आपल्या इंदुरात प्रत्येक कार्यालयात सुट्टीवर आलेला एखादा फौजी सापडतोच. केस बारीक, पाठ ताठ, पंगतीत सगळ्यांच्या आधी जेवून मोकळा. त्याला असा मोकळा सोडू नये. त्याच्या बढतीची काळजी सरकार नीट घेत नसल्यामुळे ती आता समाजानंच वाहायची आहे, असा ठराव परवा रामबागेतल्या एका मुंजीत झाला. ठराव आमच्या ह्यांच्याबद्दल, म्हणजे तोफखान्यातल्या एका हवालदाराबद्दल होता आणि ह्यांच्या समोरच झाला, हातात मठ्ठ्याचा पेला असताना. मी शेजारीच होते. तेव्हा ऐकीव नाही, अगदी कानांनी ऐकलेल्या युक्त्या सांगते.

सुरुवात ‘अजून हवालदारच?’ इथूनच करावी. आवाज पलीकडच्या पंगतीला ऐकू जाईल एवढा हवा. ‘सध्या कुठे आहात?’ असलं काही विचारलंत तर तो एखाद्या खिंडीचं नाव सांगेल, तिथली थंडी सांगेल आणि विषय भलतीकडे जाईल.

‘बॅटरी हवालदार मेजर आहे’ असं उत्तर आलं (तोफखान्यात बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी) तर लगे हाथ इन्व्हर्टरला कुठली बॅटरी चांगली तेही विचारून घ्यावं. (विचारलं हो. खरंच विचारलं.)

मग आपल्या खात्याचं उदाहरण द्यावं. परवाचे काका बँकेतून निवृत्त झालेले. ‘मी क्लार्क म्हणून लागलो, परीक्षा दिली, ऑफिसर झालो. तुम्हीही एखादी परीक्षा देऊन टाका ना!’ किती सोपं! आम्हाला इतकी वर्षं सुचलंच नाही. काका, परीक्षा दिल्या. आर्मी एज्युकेशनचं सर्टिफिकेट झालं, नकाशावाचन झालं, प्रमोशन कॅडरमध्ये, म्हणजे बढतीच्या कोर्समध्ये, आपल्याहून लहान पोरांच्या बरोबरीनं पळून झालं. हे सगळं पास झालं की मिळते ती फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. पुढे जागा लागते, आणि जागा होते ती वरचा कुणी पेन्शनला गेला की. एखादा सुभेदार महिन्याच्या शेवटच्या तारखेला पेटी बांधून घरी जातो, मग एक नायब सुभेदार वर सरकतो, आणि त्याच्या जागी एक हवालदार. एकच. त्या एका जागेकडे डोळे लावून किती जण बसलेत ते नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारा, तोफखान्यातल्या जवानांच्या कुंडल्या तिथे असतात. सीनियॉरिटीत नंबर आला म्हणून संपत नाही. डीपीसी, म्हणजे बढती ठरवणारी समिती, बसते. शेवटचे ५ एसीआर, म्हणजे साहेबांनी लिहिलेले वर्षावर्षाचे गोपनीय अहवाल, उघडते. कुठे लाल शाईतली, म्हणजे शिक्षेची, नोंद आहे का बघते. शिस्त बघते, मेडिकल बघते. त्या मेडिकलचं माप म्हणजे शेप: मन, कान, हातपाय, अंगातली ताकद, डोळे. पाचही ठिकाणी एक नंबर पाहिजे, एखाद्यात घसरलात तर फाइल अडकायची धास्ती. उमेदीची सगळी वर्षं तोफेच्या शेजारी उभं राहिलेल्या माणसाच्या कानाला एक नंबर! तुमच्या शाखेत एसी घरघर करायला लागला तर तुम्ही युनियनला पत्र लिहीत होतात, काका. काकूंनीच सांगितलंय मला.

आणि घड्याळ चालूच. हवालदाराची नोकरी २४ वर्षांची, मुदतवाढीच्या स्क्रीनिंगमधून, म्हणजे चाळणीतून, पार पडला तर आणखी २, आणि वयाची ४९ त्याआधी भरली तर तिथेच पूर्णविराम. नायब सुभेदार झाला तर २६ आणि वर २. म्हणजे बढती हुकली की खांद्यावरचा एक तारा हुकतो असं नाही, नोकरीची वर्षंच हातची जातात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला माणूस पंचेचाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो, तेव्हा मुलीची बारावी असते आणि घराचे हप्ते अर्धे राहिलेले असतात. तुम्ही साठाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन उतरलात. ह्यांना नंतर तुमच्याच बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी शोधावी लागेल, आणि तिथेही तुम्ही ह्यांना सल्लाच द्याल.

असो. मी सल्ल्यांबद्दल सांगत होते.

जवळच्या महूच्या लष्करी छावणीतली ओळख काढावी. इंदुरातल्या प्रत्येक घराची महूला एक ओळख असतेच, बहुतेक वेळा कॅन्टीनमधून सामान आणून देणारी. ‘आमचे एक कर्नल आहेत तिकडे, शब्द टाकू का?’ महूला इन्फंट्री स्कूल आहे, वॉर कॉलेज आहे, सिग्नलवाल्यांचं कॉलेज आहे. गनर, म्हणजे तोफखान्यातला जवान, म्हणून भरती झालेल्या माणसाच्या बढतीशी यांतल्या एकाचाही संबंध नाही. पण शब्द टाकावा. टाकायला काय जातं!

‘साहेबांना खूश ठेवत नसाल’ हेही डोळा मारून म्हणावं.

पगाराचंही विचारावं. एमएसीपी म्हणून एक सोय आहे: ८, १६ आणि २४ वर्षांनी, बढती नाही मिळाली तरी पगाराची पायरी वर जाते. बाहीवरच्या हुद्द्याच्या पट्ट्या तेवढ्याच राहतात. हे ऐकल्यावर ‘म्हणजे काम न करता पैसे!’ असा सारांश काढून पुरी मागावी.

सुभेदार म्हटलं की आपल्याला मल्हारराव आठवतात, तेव्हा ‘मग सुभा कुठला मिळणार?’ हा विनोद प्रत्येक मुंजीत व्हायलाच हवा.

निवृत्तीच्या वेळी कुणाला ऑनररी, म्हणजे मानद, नायब सुभेदार केलं असेल तर ‘म्हणजे खरं नाही ना?’ असं त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारावं.

तुमचा भाचा अग्निवीर होत असेल तर ‘तो किती वर्षांत सुभेदार होईल?’ हे आमच्या ह्यांना विचारू नका. २०२२ पासूनचा नियम वाचा: ४ वर्षं, आणि त्यानंतर फार तर २५ टक्क्यांना पुढे घेणार. हवालदाराच्याही खालच्या नायकाच्या दोन पट्ट्या लागायच्या आधीच बाकीच्यांना घर. भाच्याला ते ठाऊक आहे. तुम्हाला कुणी सांगायचं?

आता सरळच बोलते, युक्त्या पुरे. हो, अजून हवालदारच. तोफेचा नंबर वन कोण असतो माहीत आहे? हवालदार. तोफ त्याच्या ताब्यात, तिच्यावरची सगळी पोरं त्याच्या ताब्यात, नेम कुठे लावलाय याचा जाब त्याला द्यायचा. १९९९ मध्ये कारगिलला बोफोर्स धडाडताना टीव्हीवर बघून तुम्ही टाळ्या वाजवल्यात ना? त्या तोफांवर नंबर वन कोण होते? तुमच्या ओळखीचे कर्नल नव्हते. हवालदार होते. तेव्हा कुणी विचारलं नाही, ‘अजून हवालदारच?’

ह्यांनी त्या दिवशी काही उत्तर दिलं नाही. ‘बघू काका’ म्हणाले आणि हात धुवायला गेले, कारण मोठ्यांना उलटून बोलायचं नाही हे त्यांना घरीही शिकवलंय आणि तिकडेही. म्हणून मी बोलते. ज्या माणसाला वर्षातनं जेमतेम एक मोठी सुट्टी मिळते, ती त्यानं चार नातेवाईक भेटावेत म्हणून तुमच्या मुंजीत घालवली. त्याला ताटावर बसवून त्याची लायकी मोजता? तुम्हाला कळत नाही ते विचारा, सांगतील ते, फार छान सांगतात. पण कळत नसताना शिकवू नका. आणि बोलायला विषयच हवा असेल तर सुट्टी कधी संपते ते विचारा, परतीचं तिकीट कन्फर्म झालं का ते विचारा. नाही झालेलं. तिकडे आहे का कुणी ओळखीचं?