एका स्टारला उत्तर : मामांनी फोन का उचलला नाही आणि गाडी गेटात का घातली नाही

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दुपारी चारपर्यंत येणारी डिलिव्हरी रात्री साडेआठला आली, ड्रायव्हरने फोन उचलला नाही, लॉरी गेटच्या आत घ्यायला नाही म्हणाला आणि कोपऱ्यावरच लावली, टेबलाची काच हातगाडीवर आडवी ठेवू दिली नाही, इंजिन चालू ठेवून गल्लीभर धूर केला आणि वर उद्धटपणे बोलला. आणि शेवटची ओळ, असल्या माणसाला कामावरून काढा. उशीर झाला हे खरंच आहे, तुम्ही सुट्टी टाकून घरी थांबला होतात, राग येणारच, त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण बाकीच्या सगळ्या मुद्द्यांवर मी मामांच्या बाजूने बोलणार आहे (आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये त्या ड्रायव्हरना सगळे मामाच म्हणतात), कारण तुम्ही ज्या ज्या गोष्टीसाठी त्यांचे स्टार कापलेत ती जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी स्वतः त्यांना करायला सांगितलेली आहे.

आधी उशीर. गाडीत तुमच्या एकट्याचा माल नव्हता, बऱ्याच पार्ट्यांचा होता, आणि शहरातल्या डिलिव्हरीला गाडी उलटी भरतात, म्हणजे शेवटच्या पॉइंटचा माल सगळ्यात आत आणि पहिल्या पॉइंटचा फाळक्याला, म्हणजे मागच्या दाराला लागून. तुमच्या आधीच्या पॉइंटवर माल उतरवून घेणारा माणूस जागेवरच नव्हता. आता कोणी म्हणेल मग पुढे निघायचं, त्याचा माल नंतर द्यायचा. पण त्याची खोकी दारात आणि तुमची काच त्यांच्या मागे, गच्च भरलेल्या बसमध्ये आतल्याला उतरायचं असेल तर दारातल्याला आधी खाली यावं लागतं ना, अगदी तसंच. म्हणजे त्याची सगळी खोकी तुमच्या गल्लीत उतरवा, तुमची काच काढा, खोकी परत चढवा, आणि तेवढा वेळ लोकांचा माल रस्त्यावर उघडा. शिवाय मधला माल निघाला आणि जड खोकी मागच्या टोकाला राहिली की गाडी पुढून हलकी होते, स्टिअरिंग धरत नाही, ब्रेक मारला की माल सरकतो तो वेगळाच. म्हणून मामा तिथे बसून राहिले. माणूस आला, मग चलान (मालाची यादी) आणि माल जुळेना, मग खोकी मोजा, परत मोजा, शेवटी सगळं जुळलं तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी साहेबांच्या खिशात आणि साहेब मीटिंगला. हसू नका, हे रोजचं आहे. ज्याच्याकडे माल येणार त्याला वाटतं गाडी थांबली तर काय बिघडलं, आणि त्याच्या पुढच्या गिऱ्हाईकाला वाटतं ड्रायव्हर कुठेतरी झोपला असणार.

हे होईपर्यंत संध्याकाळची नो एंट्री लागली. गर्दीच्या वेळी जड गाड्यांना आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, पण ती वेळ जरा हुकली की नाक्यावर रांगेत उभं राहायचं आणि बंदी उठायची वाट बघायची, दुसरा उपाय नाही. गाडी सोडून जाता येत नाही, मागे माल आहे. केबिनच्या खाली इंजिन तापलेलं, वरून टप तापलेला, लघवीला जायचं तरी क्लीनरला गाडीत बसवून जायचं आणि तेही जवळपास पंप असेल तर. या सगळ्या वेळात ऑफिसमधून तुम्हाला मेसेज गेला होता की गाडी नो एंट्रीत अडकली आहे, चौकशी ऑफिसच्या नंबरवर करा. तुम्ही मामांच्या नंबरवर करत राहिलात, समजू शकतो, ज्याच्याकडे माल आहे त्यालाच विचारावंसं वाटतं.

पण चालत्या गाडीत फोन उचलायचा नाही हा आमचा नियम आहे आणि मोडला तर मी खरंच ओरडतो. ताशी ४० ने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, तुम्ही ‘हॅलो, कुठे पोचलात’ म्हणेपर्यंत एक चौक पार. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. लोकांना वाटतं ड्रायव्हर एवढा उंचावर बसलेला, त्याला सगळं दिसत असणार. उलट आहे. बंपरला लागून पोर उभं असेल तर दिसत नाही, क्लीनरच्या दाराला घासून आलेली स्कूटर दिसत नाही, गाडीच्या थेट मागचं तर काहीच दिसत नाही. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आत कापतात, म्हणून लांब गाडीला आधी उलट्या बाजूला बाहेर काढून मग वळवावं लागतं, आणि नेमकी तेव्हा आतल्या बाजूला मोकळी जागा दिसली म्हणून कोणीतरी दुचाकी घालतोच घालतो. ही जागा तुमच्यासाठी मोकळी केलेली नाही हो, तिथे थोड्या वेळाने मागची चाकं येणार असतात! असं दिवसभर चालवणाऱ्या माणसाने फोन उचलला नाही याचे मी तरी पैकीच्या पैकी मार्क देईन.

आता गेट. तुम्ही लिहिलंय की गेट रुंद आहे, कार आरामात आत जाते. रुंदीचा प्रश्नच नव्हता. गेटच्या आत लगेच पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण आहे, मामांनी उतरून बॅटरी मारून पाहिलं आणि वॉचमनला विचारलं तेव्हा तो म्हणाला टाकी जमिनीखाली आहे, अर्ध्या पार्किंगखाली. अशा टाकीवरचा स्लॅब बहुतेक ठिकाणी कार डोक्यात ठेवून टाकलेला असतो. आमची गाडी त्या वेळी मालासकट बारा टनाच्या आसपास होती आणि त्यातलं जास्त वजन मागच्या एका एक्सलवर. स्लॅब टिकला असता कदाचित, पण ‘कदाचित’वर कोणी लोकांच्या बिल्डिंगमध्ये गाडी घालत नाही, आणि तो खचला असता तर तुमच्या पूर्ण बिल्डिंगचं पाणी गेलं असतं आणि गाडी काढायला क्रेन आणावी लागली असती. वर गल्लीत केबलच्या वायरी लोंबतात, रात्रीच्या त्या दिसतही नाहीत. येताना खालून निघाली म्हणून जाताना निघेलच असंही नसतं बरं का, माल उतरला की पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) मोकळे होतात आणि गाडी थोडी उंच होते. मॅपला यातलं काही कळत नाही, तो कारवाल्यांसाठी बनवलेला, लॉरीला खुशाल कमी उंचीच्या पुलाखालून पाठवतो.

काचेचं जरा सविस्तर सांगतो कारण तिथेच जास्त भांडण झालं. तुमच्या टेबलाचा टॉप ८ एमएमच्या टफन, म्हणजे कडक केलेल्या काचेचा, २ मीटर बाय १ मीटर. काचेचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरला दर एमएममागे अडीच किलो, म्हणजे तुमची काच ४० किलो, वर लाकडी फ्रेम. काच नेतात ती उभी, कडेवर, खाली रबर किंवा फोम ठेवून आणि आधाराला थोडी कलती. आडवी टाकली की मधला भाग स्वतःच्याच वजनाने वाकतो, हातगाडीच्या दोन फळ्यांवर तर टेकते दोनच ठिकाणी, आणि मग खड्ड्यात चाक आदळलं की संपलं. टफन काच मधे दणका सोसते पण तिचा जीव कडेत आणि कोपऱ्यात असतो, कडेला टोक लागलं तर तडा नाही जात, सगळी काच एका क्षणात दाणे दाणे होऊन खाली. आणि नंतर कापून, घासून, भोक पाडून काही दुरुस्त करता येत नाही, जे काय कापायचं ते टफन करायच्या आधी. म्हणून मामा आणि क्लीनर दोघांनी ती पट्ट्याने धरून, उभी, कोपऱ्यापासून तुमच्या लिफ्टपर्यंत चालत आणली, लिफ्टमध्ये मावली नाही तर जिन्याने नेली. जिना आमच्या कामात नव्हता, डिलिव्हरी तळमजल्यापर्यंत ठरली होती. ते रिव्ह्यूमध्ये आलं नाही, असू दे.

इंजिन चालू होतं कारण गाडीच्या मागची माल उतरवायची लिफ्ट गाडीच्या बॅटरीवर चालते आणि दिवसभर ती वरखाली करून बॅटरी बसायला आली होती, शिवाय ट्रॅफिकमध्ये ब्रेक मारून मारून ब्रेकची हवा उतरलेली, ती भरेपर्यंत गाडी हलवता येत नाही. एअर ब्रेकच्या गाडीत हवा गेली की हँडब्रेक सुटतच नाही, स्प्रिंगने धरून बसतो. धूर झाला, त्रास झाला, दुसरी सोय त्या वेळी नव्हती.

उद्धट बोलण्याबद्दल मी मामांना आणि क्लीनरला वेगवेगळं विचारलं. दोघांनी सांगितलेलं वाक्य एकच, ‘साहेब, हात लावू नका, बाजूला व्हा’, आणि हो, ओरडून. काचेच्या खाली तुमच्या घरातलं लहान मूल आलं होतं तेव्हा. ४० किलोची काच हातात असताना ‘कृपया’ लावायला वेळ नसतो.

तर मामांना काढणार नाही, उद्याही तेच येतील. तुमच्या टेबलाचे पाय दुसऱ्या खोक्यातून येणार आहेत, ते छोट्या टेम्पोने पाठवतो म्हणजे गेटचा प्रश्न येणार नाही, वेळ ऑफिसमधून फोन करून ठरवू. एक स्टार राहू दे, तो काढा असं मी म्हणत नाही. फक्त रिव्ह्यूला जो फोटो लावलाय, त्यात मामांचा चेहरा आणि गाडीचा नंबर स्पष्ट दिसतोय आणि खाली लोक वाट्टेल ते लिहितायत, तेवढा फोटो काढून टाका.