"सहा इंच ओता आणि विसरा" म्हणणाऱ्यांनी आधी इंदूरची माती बघावी

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज तुम्हालाही आला असेल, पार्किंग किंवा घरचं वर्कशॉप करायचंय तर जमीन सपाट करा, जाळी टाका, सिमेंट सढळ हातानं घाला, काँक्रीट सहा इंच ओता, तीन दिवस तराई (म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं), मग जन्मभर तडा नाही. लिहिणारा माळव्यातला नसावा.

"जमीन सपाट केली की पुरे." अहो, इकडे खाली काळी माती आहे, आपल्या अर्ध्या कॉलन्या जुन्या शेतांवरच उभ्या आहेत. ही माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर बघा, भेगेत बोटं जातात. पावसात स्लॅबखालची माती कडेला आधी भिजते, मधली कोरडीच राहते, मग कड उचलली जाते आणि स्लॅब मोडतो, तिथं सहा काय आठ इंच टाकले तरी मातीचा जोर काही त्या वजनानं दबत नाही. फूट-दीड फूट तरी माती काढा, मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात भरा, पाणी मारून प्रत्येक थर कंपॅक्टरनं दाबा. ठेकेदार म्हणेल वाळू पडलीच आहे, तीच भरू. नाही म्हणा, वाळूतून पाणी सरळ खाली उतरतं आणि काळ्या मातीवर साठून राहतं. आणि गच्चीचा पाइप स्लॅबच्या कडेला सोडू नका, कितीतरी पार्किंगची वाट त्यानंच लागते.

"सिमेंट सढळ घाला." खरा घोळ पाण्याचा असतो. एम-२० ला (हा काँक्रीटच्या ताकदीचा एक दर्जा) ५० किलोच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, वाळूतला ओलावा धरून. पण माल पातळ असला की पटकन पसरतो म्हणून मजूर नळी लावूनच उभा असतो, मग वर पाणी तरंगतं, मिस्त्री ते सुकवायला कोरडं सिमेंट भुरभुरवतो नि थापी फिरवतो, दिसतं आरशासारखं आणि पुढं तोच थर केसासारख्या बारीक रेघांनी भरतो नि चाकाखाली पापुद्रे सुटतात. वर आलेलं पाणी आपोआप जाऊ द्या, मगच थापी.

"जाळी टाकली की तडे नाहीत." जाळी तडा थांबवत नाही, पडलेला तडा रुंद होऊ देत नाही, आणि तेही ती वरच्या तिसऱ्या भागात असेल तर. इथं जाळी जमिनीवर पसरून त्यावरच माल ओततात, हुकनं ओढून वर घेऊ म्हणतात आणि दोन मिनिटांत मजुराच्या पायाखाली ती परत तळाला. जाळी वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक (छोटे ठोकळे) किंवा चेअर (सळईचे स्टँड) लावा. शिवाय जॉइंट, म्हणजे तडा ठरल्या रेघेतच जावा म्हणून मुद्दाम कापलेल्या खाचा, पाहिजेतच, चार इंच स्लॅबला साधारण आठ-दहा फुटांवर, जाडीच्या पाव भाग खोल, ओतल्यावर कटरनं लवकरात लवकर, सहसा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या सकाळी.

"तीन दिवस तराई." काँक्रीट वाळून कडक होत नाही, सिमेंट-पाण्याच्या रिअ‍ॅक्शननं होतं. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) किंवा कोरड्या गरम हवेत १०, आणि बाजारात जास्त करून पीपीसीच मिळतं. एप्रिल-मेमध्ये ओतायचंच असेल तर संध्याकाळी ओता आणि ओली पोती पसरा. गाडी आठ-दहा दिवसांनी चढवा, वर्कशॉपची जड मशीन २८ दिवसांनंतर.