ऑफलाइन बघायचंय? मग आधी ऑनलाइन या!

बुधवारची रात्र. लाईट सोमवारी दुपारी गेली ती गेलीच. फणसाची फांदी तारेवर, वायरमन एक आणि वाड्या अकरा, त्यामुळे त्याला शिव्या घालायलासुद्धा जीव होत नाही. इन्व्हर्टरने पहिल्याच रात्री मान टाकली. रेंज काय, घरात असते ती नावालाच, आणि तीही लाईटच्या मागोमाग जाते, पतिव्रता आहे. पण मी निवांत होतो, कारण मी शहाणा. मी अ‍ॅपवरची एक खुनाची वेब सिरीज डाउनलोड करून ठेवली होती ना! कुळथाची पिठी-भात जेवलो, पडवीत खाटेवर आडवा झालो, पायावर चादर घेतली, कानात इअरफोन कोंबले आणि सहावा भाग लावला. शेवटचा. खून कोणी केला ते कळायला एक्केचाळीस मिनिटं बाकी.

स्क्रीनवर काय आलं? 'डाउनलोडची मुदत संपली आहे. पाहण्यासाठी इंटरनेटशी कनेक्ट करा.'

मी चार वेळा वाचलं. चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं. ऑफलाइन बघायला म्हणून ठेवलेली वस्तू बघायला इंटरनेट लावा! अरे मेल्यांनो, इंटरनेट असतं तर मी ती ठेवली कशाला असती, लोणचं घालायला?

ती ठेवली कशी ते ऐका. आमच्या घरात डाउनलोड होईल एवढी रेंज नाही. रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. घाटी चढून वीस मिनिटं, तिथे पिंपळाचा पार, त्या पाराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यावर फोन ठेवला तर तीन काड्या, हातात उचलला तर एक. जूनच्या सुरुवातीला, आंब्याची शेवटची पेटी गेल्यावर, मी लागोपाठ तीन संध्याकाळी तिथे बसलोय. तीन, कारण दिवसाला २ जीबी, आणि दिवसभरात न वापरलेलं रात्री बाराला मरतं. काल उरलं म्हणून आज मिळेल असं नाही. स्क्रीन बंद झाली की आमचं डाउनलोडही झोपी जातं, म्हणून दर अर्ध्या मिनिटाला बोट लावत बसायचं. समोर कातळावर कोणाच्या तरी दोन शेळ्या. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे बघून ओळखीचं ओरडायला लागल्या. ९७ टक्क्यांवर पाऊस आला तेव्हा फोन छत्रीखाली आणि मी पावसात, असा उभा राहिलोय.

आणि गेलं कशामुळे? तर सोमवारी रात्री मी सहावा भाग सुरू केला आणि बाराव्या मिनिटाला झोपलो. एवढाच गुन्हा! एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवा, असा यांचा नियम. मी घोरत होतो आणि यांचं घड्याळ चालू होतं. भाग फोनातून गेलेला नाही बरं का. चारशे एमबी जागा अडवून आहे तिथेच. फक्त उघडत नाही. ती फाइल येते तीच कुलूप लावून, किल्ली वेगळी येते, आणि किल्लीला मुदत असते. उघडलं तर ४८ तास, नाही उघडलं तर महिनाभर. वस्तू माझ्या घरात, कुलूप त्यांचं.

आम्ही हापूस विकतो. पेटी विकली की विकली. पहिला आंबा कापल्यापासून ४८ तासांत बाकीचे संपवा, नाहीतर पेटी बंद होईल आणि उघडायला देवगडला यावं लागेल, असं मी एका तरी गिऱ्हाइकाला सांगून बघतो. पुढच्या वर्षी बागेत माकडंच येतील, गिऱ्हाईक नाही.

एवढ्यात आत आई जागी. तिचे मालिकेचे चार भाग मीच भरून ठेवलेले, तेही महिन्याभरापूर्वीचे. म्हणजे तेही गेले.

"तू म्हणालंस ना फोनात भरून ठेवलंय म्हणान? मगे खंय गेला?"

"गेला नाय गो. हा. पण दिसणा नाय."

"हा आणि दिसणा नाय? देव काय तो?"

मला हे डाउनलोडचं वेड लावलं ते कोकण रेल्वेने. गाडी बोगद्यात शिरली की चित्र गोल गोल फिरत बसणार, आणि बोगदे म्हणाल तर नव्वदच्या वर. करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटर. तिथे मी भरलेल्या डब्यात एकटा माणूस सलग पिक्चर बघायचो, शेजारचे मान वाकडी करून माझ्या फोनात बघायचे. काय ऐट होती! तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा, मे २०२१, आठवडाभर वाडीत काळोख. तेव्हाही मेमरी कार्डात दोन जुनी नाटकं होती, अख्ख्या वाडीने गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करून ती बघितली. ते कार्ड एसटी स्टँडजवळच्या दुकानात वीस रुपयांत भरून मिळायचं. त्याला मुदत नव्हती. ते अजून चालतं, बऱ्याच फोनांनीच कार्डाची खाच ठेवायची सोडली! हेडफोनचं भोकही बुजवलं. चार्जर खोक्यातून काढून घेतला. उद्या फोनही काढून घेतील आणि नुसतं खोकं देतील, आणि आम्ही त्याला कव्हर घेऊ.

आणि ते 'स्मार्ट डाउनलोड'. बघून झालेला भाग आपोआप पुसून पुढचा घेतो म्हणे. पुसतो विजेसारखा, घ्यायला मात्र वायफाय हवं. म्हणजे आमच्याकडे नुसता पुसतो. याला स्मार्ट म्हणत असतील तर आमची शेळी कलेक्टर आहे.

मुंबईचा भाचा गेल्या चतुर्थीला आलेला, त्याचं सगळंच सोपं. "मामा, स्क्रीन रेकॉर्ड कर ना." केलं. आवाज स्वच्छ, चित्र ठार काळं. आकाशवाणी ऐकल्यासारखं अर्धा तास ऐकलं. मग म्हणे कुलूप फोडणारी अ‍ॅपं असतात. असतात, आणि २०१२ पासून कॉपीराइट कायद्यात ६५ए कलमही आहे, असली कुलपं फोडली तर दोन वर्षांपर्यंत आत. बाजूच्या तालुक्यात खून करून मोकळे फिरणारे मला माहीत आहेत. मी एका खोट्या खुनाचा उलगडा बघायला आत जाणार!

म्हणून बुधवारी रात्री अकराला मी स्वतःचं डोकं चालवलं. फोनची तारीख मागे घेतली, सोमवारवर. घड्याळालाच फसवायचं. काय हुशारी! अ‍ॅप ढिम्म हललं नाही, उलट आता जे आधी दिसत होते ते दोन गाण्यांचे व्हिडिओही मुदत संपली म्हणायला लागले. चिडून फोन उशीखाली टाकला आणि झोपलो. गुरुवारचा साडेपाचचा गजर लावलेला, सहाच्या एसटीने कणकवलीला खत आणायला जायचं होतं. फोनच्या मते दुसऱ्या दिवशी मंगळवार. तो कशाला वाजतोय. जागा झालो तेव्हा एसटी गेलेली, आई खळ्यात उभी राहून "सोमवारच्या नंदना" अशी हाक मारत होती. तिला तारखेचं कोणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक मीच झोपेत.

शांतपणे बसल्यावर हेही आठवलं की सोमवारीच त्या भागाच्या खाली लाल अक्षरात बारीक काहीतरी आलेलं, '४८ तास' असं. मी ते अंगठ्याने उडवलं होतं. जाहिरात समजून.

म्हणून आता निघालोय सड्यावर. पाऊस जरा उघडलाय. भाग नव्याने घ्यायचा नाही, नुसती किल्ली घ्यायची आहे, असं तो संदेश सांगतो. बघू. आईने तिचे चार भाग सांगितलेत, शिवाय येताना पाराखालचा टाकळा आणायला सांगितलाय. चार्जिंग ३४ टक्के. आणि हो, तारीख नीट केली आहे. मघाशी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर तेही म्हणालं, तुमच्या फोनची तारीख चुकीची आहे.