कॉन्फरन्स बदलू पाहणाऱ्या विद्यापीठास चार युक्तीच्या गोष्टी

अध्यक्षमहाशय, अमेरिकेतील आपले नामांकित विद्यापीठ ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेत, शेजारच्या विद्यापीठांशी शंभर वर्षे खेळत आले, तिचा आता आपल्याला वीट आला असेल, तर मनाला लावून घेऊ नये. शेजाऱ्यांशी खेळणे हा आगगाडीच्या काळातला संस्कार होता. १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणावरील एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संस्थेची मक्तेदारी मोडीत काढली, सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांच्या आणि त्यांच्या कॉन्फरन्सच्या हाती आला, आणि शेजारी कोणाला म्हणायचे हे हळूहळू दूरचित्रवाहिन्या ठरवू लागल्या.

सर्वप्रथम अंकगणित विसरावे. बिग टेन या कॉन्फरन्सने १९९० मध्ये पेन स्टेट विद्यापीठाला घेतले आणि सभासद अकरा झाले. नाव बदलणे जिवावर आले, म्हणून बोधचिन्हातील इंग्रजी ‘टी’च्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत ११ चा आकडा असा बेमालूम बसवला की, शोधणाऱ्यालाच तो दिसावा. पुढे २०११ नंतर काही काळ बिग टेनमध्ये बारा आणि बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये दहा विद्यापीठे होती. दोघांनी पाट्यांची अदलाबदल केली असती तर रंगाऱ्याच्या मजुरीत काम भागले असते. आज बिग टेनमध्ये अठरा आहेत आणि बोधचिन्हात अठराचा आकडा लपवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

भूगोलाचेही तेच. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जाण्यासाठी अटलांटिकचा किनारा लागतोच असे नाही, हे स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी २०२४ मध्ये पॅसिफिकच्या बाजूने येऊन सिद्ध केले. त्यांच्याबरोबर डॅलसचे सदर्न मेथडिस्टही आले. त्याने नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा न घेण्याची तयारी दाखवली होती. हुंड्याची प्रथा केवळ आपल्याकडेच आहे, असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

शब्द द्यावा, पण सही करू नये. टेक्सास आणि ओक्लाहोमा साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये निघाल्याचे पाहून ऑगस्ट २०२१ मध्ये बिग टेन, पॅक-१२ आणि अटलांटिक कोस्ट या तीन कॉन्फरन्सनी आघाडी केली. लेखी करार नव्हता, कारण सगळा कारभार विश्वासाचा होता. हा विश्वास दहा महिने टिकला. ३० जून २०२२ रोजी पॅक-१२ मधील यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठे बिग टेनने उचलली, आणि त्याच ऑगस्टमध्ये तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांहून मोठा करार केला. कागदच नसल्यामुळे कोणताही करार मोडला गेला नाही. आपल्याकडच्या आयाराम-गयारामांना निदान पक्षांतरबंदी कायद्याची पळवाट तरी शोधावी लागते.

जाताना मागे वळून पाहू नये. १९१५ पासून आपला वंश सांगणाऱ्या पॅक-१२ मधून ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवशी पाच विद्यापीठांनी काढता पाय घेतला. अखेरीस कॉर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच उरली, आणि घराच्या किल्ल्या आपल्याच हाती राहाव्यात म्हणून त्या दोघांना कोर्टात जावे लागले.

राहता राहिले विद्यार्थी. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, त्याचे निभते. पण न्यू जर्सीच्या रट्गर्समधील व्हॉलीबॉलच्या मुलीला कॉन्फरन्सचा सामना लॉस एंजेलिसला असेल, तर जाताना सुमारे सहा तास विमानात बसावे लागते आणि घड्याळ तीन तास मागे घ्यावे लागते. तिच्याविषयी आपल्या निवेदनात अवश्य लिहावे. ‘विद्यार्थी-खेळाडूंचे हित’ हे शब्द पहिल्याच परिच्छेदात यावेत आणि ‘वाहिनी’ हा शब्द कोठेही येऊ नये. निवेदन प्रसिद्ध होईल तेव्हा ती बहुधा विमानतळावरच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रयोगशाळेचा अहवाल पुरा करीत असेल. तेथे चार्जिंगची सोय आहे ना, एवढे मात्र कोणाकडून तरी विचारून घ्यावे.