गाडीच्या टपाला भोक पाडायला सगळे तयार, पाणी अडवायला कोण?

परवा रात्री बेळगावजवळच्या जांबोटीच्या पुढं गाडी लावून झोपलो होतो. दोनच्या सुमाराला आई उठून बसली. उशी भिजलेली, पांघरूण भिजलेलं आणि टपावरच्या पंख्याच्या चौकटीतून थेंब थेंब पाणी. आईला दमा आहे. तो पंखा तिच्यासाठीच बसवला होता. उरलेली रात्र तिनं पुढच्या सीटवर शाल लपेटून बसून काढली आणि मी वर बघत बसलो. राग मावत नाही म्हणून लिहितोय.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करायचं ठरवलं तेव्हापासून हेच ऐकतोय. बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, इथं कशाला पंखे? अहो, बंद पत्र्याच्या डब्यात चार माणसं झोपली, सकाळी चहा टाकला, की श्वासाची आणि गॅसची सगळी वाफ टपाला आतून चिकटते. पावसाळ्यात तर भिंती घामेजतात, गाद्यांना बुरशी येते. म्हणून दोन पंखे. मागचा हवा बाहेर टाकणारा, पुढचा आत घेणारा. एकच लावला आणि खिडक्या बंद ठेवल्या, तर तो ओढणार काय?

पंख्याला 14 बाय 14 इंचाचं भोक लागतं. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, एका फॅब्रिकेशनवाल्याकडं गाडी नेली. टपाला लांब पन्हळी आहेत, चौकट सपाट बसणार नाही, आधी खाली पॅकिंग करून पातळी करा, आतून लाकडी फ्रेम द्या म्हणजे स्क्रूला पकड मिळेल, असं मी कागदावर चित्र काढून दिलं. मिस्त्रींनी कागद खिशात घातला. "काय होत नाही ओ सर, सिलिकॉन मारलं की विषय संपला."

विषय तिथंच सुरू झाला! ते आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ते कापलेल्या उघड्या पत्र्याला खातं. कडेला प्रायमरचा हातसुद्धा फिरवला नव्हता. गाडी खड्ड्यातून जाताना टप पिळवटतो, आणि नीट न चिकटलेलं सिलिकॉन कडेनं सुटतं. वर त्याची दुसरी खोड अशी की एकदा लागलं की त्याच्यावर पुन्हा काही चिकटत नाही. मी स्वतः बुटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, आणून दिली होती. ती चौकटीखाली घालायची, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे, टेप दबून बाहेर आली की दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायचे, मग वरून आणि स्क्रूच्या डोक्यांवर पॉलियुरेथेन सीलंट. एवढंच! टेपचा रोल न उघडलेला परत मिळाला. ग्राइंडरचा कीससुद्धा टपावर तसाच सोडला होता. आठवड्यात पांढऱ्या रंगावर तांबडे ठिपके.

वायरिंगवाल्याची तऱ्हा तीच. बॅटरीपासून पंख्यापर्यंत सहा मीटर, जाऊन येऊन बारा. मी 2.5 स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटर जाडीची) तार सांगितली, त्यांनी अर्धा स्क्वेअरची ओढली. पंखा 4 अँपिअर घेतो, म्हणजे दीड व्होल्टच्या वर तारेतच जातात आणि तार तापते. फ्यूज? लावलाच नाही. लाकडी पॅनेलच्या मागून गेलेली, फ्यूज नसलेली तार, आणि तिच्याखाली माझी आई झोपणार! विचारलं तर कानडीत "आगतैत्री, आगतैत्री". होतंय की, होतंय की. दोन्ही भाषांत एकच उत्तर.

पंखे आपोआप चालावेत म्हणून कंट्रोलर मी स्वतः बांधला. 28 अंशांना चालू, 26 ला बंद; मध्ये दोन अंशांचं अंतर नसेल तर पंखा सारखा चालू-बंद होत राहतो. दमट हवा वाढली तरी चालू. पाऊस आला की आधी पंखा थांबायचा, मग झाकण मिटायचं. इंजिन सुरू झालं की झाकण बंदच, नाहीतर वाऱ्यानं उचकटून जाईल. पंखा चालू-बंद करायला आयआरएलझेड 44 एन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, मागितला, दुकानदारानं आयआरएफझेड 44 एन दिला. "एका अक्षराचा फरक आहे की." त्या अक्षरात सगळं आलं! कंट्रोलर 3.3 व्होल्ट देतो, तेवढ्यावर हा दुसरा पुरता उघडत नाही, अर्धवट उघडून तापतो. प्लास्टिकची डबी वाकडी झाली. आणि तापमानाचा सेन्सर मी बिछान्याजवळ लावायला सांगितला होता, तो फिटिंगवाल्यानं टपाच्या पत्र्यालाच चिकटवला. दुपारी तो खोलीचं नाही, तापलेल्या पत्र्याचं तापमान सांगतो.

सगळ्यात भीती वाटली ती एका शहाण्याच्या सल्ल्याची. वर पंखा आहे ना, मग सिलिंडरजवळचं खालचं भोक बुजवा, धूळ येते. अहो, एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली जमिनीवर साचतो, टपावरचा पंखा त्याला शोधत येत नाही. खालचं भोक उघडंच पाहिजे. हे मी ओरडून सांगितलं, आणि पुन्हा सांगेन.

काल चौकट उचकटली. तीन स्क्रू बोटानं फिरले. आत पत्रा तांबडा, लाकडी फ्रेम नाहीच. मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, पाऊस थांबला की गाडी घेऊन या, बघू. आताशी मिरग उलटलाय. पैसे मात्र त्यांनी मार्चमध्येच मोजून घेतले होते, तेव्हा "बघू" नव्हतं.

आषाढीला आईला याच गाडीतून पंढरपूरला न्यायचं होतं. गाडी दारात उभी आहे, टपावर ताडपत्री, आणि मी ब्लेडनं सिलिकॉन खरवडतोय. आईनं एसटीची वेळ विचारून ठेवली आहे.