टिकलीचा रंग बदलत नाही

उत्क्रांतीची व्याख्या फळ्यावर लिहून दिली की मुलं ती पेपरात बिनचूक उतरवतात. मनात मात्र ठाम बसलेलं असतं, की जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली. हा समज नुसतं समजावून जात नाही. वर्गात हे वारंवार बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय: नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीत टिकणारे जगतात आणि त्यांचीच पिल्लं वाढतात ही क्रिया, मुलांनी आधी स्वतःच्या हातांनी घडवावी, तिचं नाव नंतर कळलं तरी चालेल.

त्याला प्रयोगशाळा लागत नाही. भरगच्च नक्षीचं कापड जमिनीवर पसरायचं आणि पाच रंगांच्या कागदी टिकल्या, प्रत्येक रंगाच्या 10, त्यावर विखरायच्या. चार-पाच मुलं शिकारी. पाठ करून उभं राहायचं, वळायचं, पहिली दिसेल ती टिकली उचलायची, पुन्हा पाठ फिरवायची. 25 उरल्या की शिकार बंद. उरलेल्या प्रत्येक टिकलीला तिच्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं, म्हणजे पुन्हा 50. दर पिढीला रंगवार मोजणी फळ्यावर. तीन-चार पिढ्यांत कापडात मिसळणारे रंग वाढतात आणि उठून दिसणारे संपत येतात.

आता विचारा, यातल्या किती टिकल्यांनी आपला रंग बदलला? एकीनेही नाही! बदललं ते रंगांचं प्रमाण. माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नात आहे आणि त्यावर मुलांना हवा तेवढा वेळ वाद घालू द्यावा.

मग कापड बदला. आतापर्यंत जिंकणारा रंग आता सगळ्यात आधी उचलला जातो. आणि एखादा रंग आधीच नामशेष झाला असेल, तर नव्या कापडावर तो कितीही छान लपला असता तरी परत येत नाही. गरज आहे म्हणून काही उगवत नसतं, हे इथे मुलांच्या डोळ्यांसमोर घडतं. एक फेरी डोळे मिटून घ्यायलाही विसरू नका. तेव्हाही आकडे थोडे हलतात, पण कापडाचा त्याच्याशी काही संबंध राहत नाही. निवड आणि योगायोग यांतला फरक कळायला ही फेरी हवीच.

चोचींचा खेळ बऱ्याच शाळांत घेतात: चोच म्हणून कुणाकडे चिमटा, कुणाकडे चमचा, आणि खाणं म्हणून मणी वेचायचे. त्यात एक चूक सर्रास होते आणि तिचा मला खरंच त्रास होतो. कमी मणी मिळालेल्या मुलाला पुढच्या फेरीत ‘चांगलं’ साधन निवडू देतात. म्हणजे पक्ष्याने ठरवलं आणि चोच बदलली! जो गैरसमज घालवायचा, तोच आपण शिकवून बसतो. उपाशी राहिलेल्याने बाद व्हावं आणि जगलेल्याचं पिल्लू म्हणून त्याचंच साधन घेऊन परत यावं. एवढा नियम पाळला की खेळ खरा होतो.

या खेळामागे प्रत्यक्ष मोजमाप आहे, तेही मुलांना सांगा. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञांनी पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर बेटावर 1973 पासून फिंच या छोट्या पक्ष्यांच्या चोची मोजल्या. 1977च्या दुष्काळात लहान, मऊ बिया संपल्या, मोठ्या कठीण बिया उरल्या आणि जाड चोचीचे पक्षी जास्त तगले. त्यांच्या पिल्लांच्या चोचीही सरासरीने मोठ्या निघाल्या. 1983च्या मुसळधार पावसानंतर लहान बियांचं पीक आलं आणि पारडं उलट फिरलं. कापड बदललं की काय होतं, ते इथे निसर्गानेच दाखवलं.

काळाचा अंदाज यावा म्हणून 46 मीटरची कागदी पट्टी मैदानात अंथरा. एक टोक म्हणजे पृथ्वीचा जन्म, दुसरं म्हणजे आज, आणि एक मीटर म्हणजे 10 कोटी वर्षं. डायनासोर संपतात ते शेवटाच्या 66 सेंटिमीटर आधी. आपली मानवजात शेवटच्या तीन मिलिमीटरांत. त्यावर फार बोलायची गरज पडत नाही, मुलं गुडघ्यांवर बसून ते तीन मिलिमीटर शोधतात.

हे सगळं एका तासात कोंबू नका. आणि समजलं का हे तपासायला व्याख्या विचारू नका, नवा प्रश्न टाका: औषधाला दाद न देणारे जिवाणू कुठून आले? ‘त्यांना औषधाची सवय झाली’ असं उत्तर आलं तर अजून एक फेरी घ्या. ‘तसे थोडे आधीपासूनच होते, बाकीचे मेले, मग यांचीच पिल्लं वाढली’ असं मूल स्वतःच्या शब्दांत म्हणालं, तर त्याला पैकीच्या पैकी गुण द्या, भले ‘नैसर्गिक निवड’ हा शब्द त्यात कुठेही नसो.