कासाडीत कोळसा खाणीचं पाणी? खाण आहे कुठे!

नेरूळ-घणसोलीच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘तळोज्याच्या कासाडी नदीत कोळसा खाणीचं पाणी उतरलंय, नळाचं पाणी उकळूनच प्या.’

यात मुळात खाणच नाही. आपल्या पायाखाली बेसॉल्टचा काळा कातळ. राज्यातला कोळसा चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडे. कासाडीचं दुखणं म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी. २०१७ मध्ये तळोज्यातली कुत्री निळी झाली होती, आठवतंय ना? तो कारखान्यातला रंग होता. शिवाय नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं, कासाडीतून नव्हे.

खाणीचं पाणी नदीची वाट लावतं, हे मात्र खरं. कोळशातल्या पायराइट या गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि दगडातले धातू विरघळू लागतात. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या नद्यांचं हेच झालंय. असं आम्लधर्मी पाणी कधीकधी अगदी नितळ दिसतं. आम्लता उतरली की मग लोहाचा नारिंगी गाळ दगडांवर बसतो.

आणि उकळून काय साधणार? जंतू मरतील. धातू तिथेच राहतील, उलट पाणी आटेल तसं त्यांचं प्रमाण वाढेल.